गठ्ठे वाटून घेतले, पण सरासरी?

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे चार शिक्षकांनी वाटून घेतले की तपासणी लवकर उरकते. आता वर्गाची सरासरी हवी आहे. प्रत्येकाने आपल्या गठ्ठ्याची सरासरी सांगितली आणि आपण त्या चार आकड्यांची सरासरी काढली, तर? गठ्ठे लहानमोठे असतील तर उत्तर चुकेल. प्रत्येकाकडून गुणांची बेरीज आणि उत्तरपत्रिकांची संख्या, अशा दोन गोष्टी मागायला हव्यात. मोठ्या डेटाबेसला विचारलेला प्रश्न अनेक प्रोसेसरांत वाटताना संगणकालाही हेच करावे लागते.

अशी वाटणी सोपी झाली ती १९७० साली आयबीएममधील एडगर कॉड यांनी मांडलेल्या कल्पनेमुळे. माहिती तक्त्यांत ठेवायची आणि विचारणाऱ्याने 'काय हवे' एवढेच सांगायचे. ते कसे शोधायचे, एकाने की शंभरांनी, हे यंत्र ठरवणार.

सुरुवातीला मात्र गाडी भलत्याच वाटेला लागली. सत्तरच्या दशकात अनेकांनी माहिती शोधण्यासाठी खास यंत्रे बांधायला घेतली. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डेव्हिड डेविट त्यांपैकीच एक. १९८३ साली त्यांनी हारान बोराल यांच्यासह एक निबंध लिहिला आणि अशा यंत्रांचा काळ सरला की काय, असे शीर्षकातच विचारले. स्वतःच्याच कामाबद्दल असे जाहीरपणे विचारायला धाडस लागते, असे आम्हांला वाटते. अडचण प्रोसेसरांची नव्हतीच. डिस्कवरून माहितीच पुरेशा वेगाने येत नव्हती. वाढपी दहा आणि पोळ्या लाटणारे हात दोनच!

मग डेविट यांच्या 'गामा' प्रकल्पाने खास यंत्रांचा नाद सोडला. त्याच्या पुढच्या आवृत्तीत इंटेलचे ३२ प्रोसेसर होते आणि प्रत्येकाला स्वतःची डिस्क. प्रत्येकाने आपल्याच गठ्ठ्यात शोधायचे. टेराडेटा कंपनीचे १९८४ सालचे यंत्रही याच तत्त्वावर चाले.

२००१ साली आयबीएमने एकाच चिपवर दोन कोअर बसवले. पुढे घरच्या संगणकांतही अनेक कोअर आले. पोस्टग्रेस हा मुक्त डेटाबेस २०१६पासून एकच प्रश्न अनेक कोअरांत वाटू लागला. तक्ता अगदी लहान असेल तर तो त्या फंदात पडत नाही. दहा उत्तरपत्रिकांसाठी चौघांना कोण बोलावील?

कोअर वाढवत गेलो तर वेळ कमीच होत जाईल का? नाही. जीन आम्डाल यांनी १९६७ सालीच याची मर्यादा दाखवली होती. शंभर मिनिटांच्या कामातली दहा मिनिटे एकट्यानेच करण्याची असतील, तर उरलेल्या नव्वदांसाठी नऊ जण लावून एकूण वीस मिनिटे लागतील. नव्वद जण लावले तर अकरा.