गोगलगाय आणि गुळाचं गोणपाट

विल्यम हेन्री बेन्सन या ब्रिटिश शंखशास्त्रज्ञाने १८४७ साली मॉरिशसहून काही जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या. चौरंगी भागातल्या बागेत त्या मोकळ्या सुटल्या आणि पुन्हा कुणालाच आवरल्या नाहीत. मूळच्या पूर्व आफ्रिकेतल्या या गोगलगायीला मॉरिशसलाही माणसानेच नेलं होतं. पुढे रोपांची माती, कुंड्या, मालाची खोकी जिथे गेली तिथे तीही गेली. आपल्याकडे हिलाच शंखी गोगलगाय म्हणतात.

तिचा शंख तळहातभर वाढतो. नर आणि मादी दोन्ही अंगं प्रत्येकीत असतात आणि एका खेपेला ती शंभरावर अंडी मातीत घालते. कोरड्या दिवसांत शंखाचं तोंड पातळ पापुद्र्याने बंद करून ती निपचित पडून राहते आणि पाऊस लागला की बाहेर येते.

तिला आवरण्यासाठी माणसाने केलेला सर्वांत घातक प्रयोग पॅसिफिक बेटांवर झाला. गोगलगायी खाणारी दुसरी गोगलगाय १९५५ मध्ये हवाईत सोडण्यात आली. १९७७ मध्ये ती ताहितीशेजारच्या मोरिया बेटावर पोहोचली. शंखी गोगलगायीचा बंदोबस्त तर झाला नाहीच. उलट या पाहुणीने मोरियातल्या पार्टुला नावाच्या इवल्या, निरुपद्रवी गोगलगायी फस्त केल्या. दहा वर्षांत तिथल्या रानात पार्टुला जवळपास दिसेनाशाच झाल्या.

फ्लोरिडाची गोष्ट वेगळी. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून तीन शंखी गोगलगायी आणल्या आणि आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत त्यांच्या अठरा हजारांवर गोगलगायी झाल्या. तिथे आमिषं ठेवून आणि घरोघरच्या बागांतून हाताने वेचून मोहीम चालली. १९७५ मध्ये ती फत्ते झाली, पण तोवर सुमारे दहा लाख डॉलर खर्ची पडले होते.

मराठवाड्याला हे संकट २०२२ च्या खरिपात पुरतं कळलं. लातूर, बीड, उस्मानाबाद जिल्ह्यांत सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात जमिनीलगत कुरतडली गेली. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. तेव्हा शेतकऱ्यांना सांगितला गेलेला पहिला उपाय अगदी साधा होता: गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट.

परसबागेत तो आणखी सोपा पडतो. बारदानाचा तुकडा गुळाच्या पाण्यात बुडवून संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरावा; जवळ कोबीची किंवा पपईची पानं टाकावीत. वासाने गोगलगायी येतात आणि ऊन चढायच्या आत सावली व ओल शोधत गोणपाटाखालीच दडतात. सकाळी गोणपाट उलटलं की खाली त्या चिकटलेल्या दिसतात. हातमोजे घालूनच वेचाव्यात, कारण त्यांच्या अंगातल्या कृमींमुळे माणसाला मेंदूज्वरासारखा आजार होऊ शकतो. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. मीठ थेट वाफ्यात मात्र टाकू नये. त्याने माती बिघडते. कुंड्यांखाली आणि विटांच्या फटीत साबुदाण्याहून थोडी मोठी, पिवळसर अंडी सापडली तर तीही चिरडून टाकावीत.

एकट्या घराने सापळे लावून भागत नाही, कुंपणापलीकडून नव्या येतच राहतात. म्हणून पहिला पाऊस पडताच सगळ्या गल्लीने एकाच आठवड्यात गोणपाटं पसरावीत, आणि रोपवाटिकेतून आणलेली प्रत्येक कुंडी आधी तळाकडून तपासावी.