अक्रोडाच्या कपाटाचा इतिहास

काश्मीरच्या सहलीहून परतणारी मराठी कुटुंबं केशर आणि सुक्या मेव्यासोबत चिनारचं पान कोरलेली एखादी लाकडी पेटी हमखास आणतात. लाकूड अक्रोडाचं. दुकानदार सांगतो, ‘ही शेकडो वर्षांची कला आहे.’ ते खरं आहे, पण अर्धंच. मला उरलेला अर्धा भाग अधिक मोलाचा वाटतो.

लोकस्मृती या हुनराचं श्रेय दोघांना देते. एक, चौदाव्या शतकात इराणातून आलेले सूफी मीर सय्यद अली हमदानी. दुसरा, सुलतान जैनुल आबिदीन (१४२०-१४७०), काश्मिरींचा लाडका ‘बडशाह’. तरुणपणी समरकंद पाहिलेल्या या सुलतानाने मध्य आशिया व इराणातून कारागीर आणून वसवले. जिझिया रद्द करणारा आणि परागंदा पंडितांना परत बोलावणारा राजाही हाच. मात्र सुतारकाम बाहेरून आलं असं म्हणणं चूक ठरेल. देवदाराचा देश तो. लाकडी इमारतींची परंपरा तिथे आधीपासून होती. श्रीनगरच्या जामा मशिदीचे ३७०हून अधिक खांब देवदाराचेच आहेत. बाहेरची नक्षी आणि इथले हात, असा तो मेळ होता.

मग अक्रोडाची कपाटं, टेबलं, पडदे कुठून आले? काश्मिरी घरात बैठक जमिनीवर. टेबल-खुर्चीची गरजच नव्हती. ती आणली एकोणिसाव्या शतकातल्या युरोपियन पाहुण्यांनी. १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर फ्रान्समधली शालींची बाजारपेठ कोसळली. पाठोपाठ १८७७च्या सुमारास भीषण दुष्काळ पडला. खोऱ्यातल्या हस्तकलांना नवं गिऱ्हाईक हवं होतं, ते साहेबांच्या रूपात मिळालं. डोग्रा राजवटीत परक्यांना जमीन घेता येत नसे, म्हणून साहेब हाऊसबोटीत राहू लागले. त्या बोटी सजवायला नक्षीदार फर्निचर लागलं. म्हणजे हुनर जुनं, पण त्याचा हा आकार जेमतेम दीडशे वर्षांचा.

त्यासाठी अक्रोडच का? लाकूड टणक, पण रेषा बारीक. पटाशीखाली चिरफाळत नाही. फुलाच्या पाकळीखालचं लाकूड कोरून काढलं तरी पाकळी टिकते. मुळाजवळचं लाकूड सर्वांत गडद आणि महाग, फांद्यांचं फिकट. फळ्यांची चळत हवेशीर सावलीत काही वर्षं वाळवावी लागते, नाहीतर कपाटाची दारं वाकतात. नक्काश कारागीर लाकडावर आधी आकृती रेखतो, मग कोरतो. शेवटी घासून, मेण लावून चमक आणतो, रंग झाडाचाच.

झाड फळ देत असेपर्यंत शेतकरी ते तोडत नाही. शिवाय १९६९च्या कायद्याने परवानगीशिवाय अक्रोड तोडायला मनाई आहे. झाडांसाठी ते योग्यच. पण लाकूड महागलं, त्यात यंत्राने कोरलेला स्वस्त माल आला. या कलेला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तरी मानांकनाने नक्काशाच्या मुलाला रोजी मिळतेच असं नाही.

आपल्याकडे मुस्लिम इतिहास म्हटला की चर्चा तलवारीवर येऊन थांबते. टीका करणारे तिच्यावरच बोट ठेवतात आणि अभिमान बाळगणारेही तीच मिरवतात. मला पटाशीचा इतिहास हवा आहे. त्यात सुलतान आहे, सूफी आहे, दुष्काळ आहे, साहेबही आहे. पण त्या साऱ्यांच्या मध्ये, नाव कुठेही न कोरता काम करणारा माणूस बसला आहे. त्याला इतिहासात जागा द्यायची, तर आधी त्याच्या मजुरीची किंमत ओळखावी लागेल.