धर्माचं धोतर, आजीचं लुगडं

व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ 1949 साली पुस्तकरूपानं आलं, तेव्हा ते बाविशीत होते. नवकथेचा विषय निघाला की गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे यांच्या जोडीनं माडगूळकरांचं नाव येतं आणि या पहिल्या पुस्तकापासून ग्रामीण कथेनं वळण घेतलं असं सांगितलं जातं. ते खरंच आहे. पण आमच्या घरात हे पुस्तक साहित्य म्हणून आलं नाही. गावाकडचा पाहुणा यावा तसं आलं, आणि वडीलधाऱ्यांनी त्याला तसंच वागवलं. विचारपूस केली, राहिलेलं सांगितलं, प्रसंगी त्याच्याशी वादही घातला.

आमचं गाव आटपाडी तालुक्यातलं. माणगंगा कुळकजाईच्या डोंगरात उगवते, म्हसवडवरून आमच्या रानांतून सांगोल्याकडं जाते आणि पुढं भीमेला मिळते. वर्षातला बराच काळ तिच्या पात्रात नुसती वाळू. अशा मुलखातली माणसं पोटासाठी बाहेर पडतात. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी कुटुंबं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. केरळात जा, तमिळनाडूत जा, दिल्ली-कोलकात्याला जा. सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत सोनं-चांदी गाळणारा विटा-आटपाडीचा माणूस भेटतोच. बहात्तरच्या दुष्काळात आजी-आजोबांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. त्यानंतर माझे वडील एका नात्यातल्या माणसाचं बोट धरून कोइमतूरला गेले. मी जन्मले ती तिथं, राजा स्ट्रीटच्या मागं.

खाली दुकान, वर राहणं. मुशीत सोनं वितळलं की वडील त्यावर सवागी टाकत. मळ काचेसारखा वर येई. तेजाबाच्या भांड्यातून तांबूस धूर निघायचा, त्यात चांदी-तांबं विरघळून जायचं आणि तळाशी तपकिरी भुकटी उरायची. हेच शंभर नंबरी सोनं, हे लहानपणी कुणालाही पटायचं नाही, मलाही पटत नसे. रविवारी भट्टी बंद. त्या दिवशी जेवणं झाली की वडील खाकी कागदाचं कव्हर घातलेलं ‘माणदेशी माणसं’ काढत आणि दुकानात कामाला आलेल्या गावाकडच्या पोरांना वाचून दाखवत. आठवड्याचे सहा दिवस शेजारी, गिऱ्हाईक, शाळा सगळं तमिळमध्ये. रविवारी दुपारी माणदेश. मी मराठी शिकले ती या वाचनातून. त्यामुळं माझ्या मराठीत अजूनही पुस्तकाची आणि आटपाडीची भाषा एकमेकीत मिसळलेली आहे, आणि मला ती तशीच हवी आहे.

मे महिन्यात आम्ही गावी जायचो. धाब्याचं घर, पुढं सोपा, सोप्यात घोंगड्यावर बापू म्हणजे माझे आजोबा. ते माडगूळकरांपेक्षा वर्षभरानं मोठे, शिकलेले आटपाडीच्याच शाळेत. पुस्तकातली गावं त्यांच्या पायाखालची. मी पुस्तक नेलं की ते म्हणत, “वाच, पर सावकाश. मला मधी बोलायचं आसतंय.”

बापूंच्या बोलण्यातून औंध संस्थान उभं राहायचं. राजेसाहेब म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रकार, आणि सूर्यनमस्काराचे असे कैवारी की संस्थानच्या शाळांतल्या पोरांना रोज नमस्कार घालणं भागच. ऐंशीच्या घरात पोचले तरी बापू पहाटे अंगणात नमस्कार घालत; ही राजेसाहेबांची उधारी आहे म्हणायचे. याच राजेसाहेबांनी 1939 साली कारभार प्रजेच्या हाती दिला. घटनेचा मसुदा करताना गांधीजींचा सल्ला होता, आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा मूळचा पोलंडचा इंजिनिअर त्यासाठी झटत होता. हे मी मोठेपणी वाचलं. बापूंनी सांगितलं ते असं, की एक गोरा माणूस भगवी कफनी घालून पायी फिरायचा, पोरं त्याच्या मागनं पळायची, आणि तो त्यांना नमस्कार करायचा.

आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर त्याच काळातलं. जन्मठेपेचे कैदी, बेड्या नाहीत, भिंत नाही. रान कसायचं, कुटुंब बरोबर ठेवायचं. बापूंच्या सांगण्यात हे कैदी आठवडी बाजारात भाजी घेऊन बसत, आणि त्यांची आई त्यांच्याकडनंच वांगी घ्यायची, कारण त्यांचं माप कधी कमी भरायचं नाही. पुढं व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, त्याची कथा व्यंकटेशरावांचे थोरले बंधू गदिमा यांनी लिहिली. बीज या वसाहतीतलं. सिनेमा देशभर गाजला. आमच्या गावात तो ‘आपल्या कैद्यांचा शिनेमा’.

8 मार्च 1948 ला संस्थान विलीन झालं. त्याच्या थोडं आधी, गांधीजींच्या हत्येनंतर, दक्षिण महाराष्ट्रात गावोगाव ब्राह्मणांची घरं जाळली गेली. बापूंनी इतर सगळं दहा-दहा वेळा सांगितलं, हे एकदाच आणि तेही थोडक्यात. शेजारच्या गावातून धूर दिसला. रात्री काही माणसं डोक्यावर हंडे-परात घेऊन आमच्या वस्तीवर आली आणि वैरणीच्या गंजीआड झोपली. कोण होती, ते त्यांनी सांगितलं नाही. “सकाळी भाकरी खाऊन गेली,” एवढंच.

हे ऐकल्यावर ‘माणदेशी माणसं’ मला वेगळं दिसायला लागलं. जाळपोळीनंतर अवघ्या वर्षभरात त्याच भागातला एक ब्राह्मण तरुण आपलं पहिलं पुस्तक देतो, आणि त्यात असतात रामोशी, चांभार, मुलाणी. एकेकाला तो जवळ जाऊन, चित्रकाराच्या नजरेनं न्याहाळतो. कुठं हिशेब मागणं नाही. त्या आगीवर त्यांनी लिहिलं, ‘वावटळ’ ही कादंबरी त्याचीच; पण ती पुष्कळ पुढची, साठीच्या दशकातली. आधी माणसं लिहिली, मग आग लिहिली. हा क्रम मला मोठा वाटतो, आणि मराठी समीक्षेनं त्याच्याकडं पुरेसं पाहिलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता आजीबद्दल. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी वाचत असले की ती उंबऱ्याशी बसून तांदूळ, मटकी, काहीतरी निवडत असायची आणि बापूंसारखी मध्ये बोलायची नाही. फक्त ‘धर्मा रामोशी’च्या वेळी बोलली.

ही कथा अनेकांना शाळेपासून ठाऊक आहे. म्हातारा, दरिद्री धर्मा. त्याच्या अंगावरची लक्तरं पाहून लेखकाच्या घरातून त्याला धोतर दिलं जातं. पण ते धोतर त्याच्या अंगावर दिसत नाही. ते दिसतं त्याच्या तरण्या लेकीच्या अंगावर. तिनं ते लुगड्यासारखं नेसलेलं असतं. माडगूळकर पुढं काही भाष्य करत नाहीत. मी वाचून थांबले. बापूही गप्प होते.

आजी सूप बाजूला ठेवत म्हणाली, “धोतर नेसली त्ये समद्यास्नी दिसलं. त्येच्या आदी ती किती दीस घरात बसून व्हती, त्ये लिवलंय का?”

मला प्रश्नच कळला नाही. मग तिनं सांगायला घेतलं.

“कंटरोल व्हता गं पोरी तवा.”

दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांचा माल सैन्याकडं वळला, कापडाचे भाव भडकले आणि 1943 साली सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं. आजीचं लग्न त्याच सुमाराचं. घरात दोन सुना, आजी आणि तिची थोरली जाऊ. धड लुगडं एक. तेही दंडाचं, म्हणजे जुन्या दोन लुगड्यांचे बरे भाग कापून मधोमध शिवलेलं. दंडाची शिवण कमरेवर यायची आणि दिवसभर काचायची. आजीनं मला बोटानं जागा दाखवली. पहाटे थोरली जाऊ ते नेसून आडावर जायची. ती पाणी घेऊन आली की परकर नाही, काही नाही, दाराआड उभ्या उभ्या लुगडं सोडून द्यायची, आणि आजी ते नेसून रानात जायची. घरी राहिलेली आतून कडी लावून, पटकूर गुंडाळून जात्यापाशी बसायची. दळण, निवडण, चुलीपुढचं सगळं काम तिचं. दाराशी कुणी आलं तर आतून बोलायचं, बाहेर यायचं नाही. सासरे सांगत, सून आजारी आहे. एका चातुर्मासात या घरातली एक ना एक सून रोज आजारी होती. धुणं पडलं की दोघीही आत. लुगडं वाळेपर्यंत घरात पाणी नाही.

“येकदा पाऊस लागला,” आजी म्हणाली, “दोन दीस लुगडं वाळलं न्हाय. आमी दोघी आत हसत व्हतो. आदी हसलो, मग थोरली रडाय लागली.”

रेशनच्या दुकानात कापड आलं की पुरुषांनी जायचं, रांग लावायची. आधी धोतर, पागोटं, कारण पुरुषाला चावडीवर जावं लागतं. उरलं तर लुगडं. धर्माच्या घरात उलटं घडलं होतं. धोतर त्याच्यासाठी आलं आणि त्यानं ते लेकीला दिलं. आजीला या गोष्टीत सर्वांत मोठं वाटलं ते हे. “बाप चांगला व्हता तिचा,” ती म्हणाली, आणि पुन्हा सूप ओढून घेतलं.

ती कथा कोणत्या सालातली, हे लेखक सांगत नाही. पण ती लिहिली गेली त्याच दशकाच्या अखेरीस, आणि आजीनं मला तिच्यातला न लिहिलेला काळ दाखवला. पुढं मी ही कथा कितीदा तरी दारिद्र्याचं चित्र म्हणून शिकवली जाताना ऐकली. दारिद्र्य तर आहेच. पण त्या लेकीच्या अंगावर महायुद्ध आहे, गिरण्या आहेत, रेशनची रांग आहे.

याच पुस्तकात ‘माझा बाप’ आहे. रविवारच्या वाचनात वडिलांनी तो एकच लेख कधी मोठ्यानं वाचला नाही. पानं उलटून पुढं जायचे. माडगूळकरांचे वडील औंध संस्थानच्या नोकरीत होते, बापू कोरडवाहू शेतकरी. वरवर काही सारखं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा वडील म्हणाले, “बापाबद्दल असं बोलता येतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.” त्यानंतरच्या दिवाळीत ते गावी गेले, तेव्हा बापूंशेजारी बसून पहिल्यांदाच बहात्तर सालच्या गोष्टी विचारायला लागले. मी शेजारी होते, पण ते बोलणं त्यांचं होतं.

आजी गेली, बापू गेले. आता आटपाडीच्या रानात टेंभू योजनेचं पाणी आलं आहे, डाळिंबाच्या बागा आहेत. नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी संघर्ष परिषदेत मोर्चाला गेलेल्या बायका आता सत्तरीच्या पुढं आहेत, आणि त्यांच्याहून थोरल्या, कंट्रोलचा काळ पाहिलेल्या, फार थोड्या उरल्यात. ‘माणदेशी माणसं’मध्ये पुरुषांचीच चित्रं जास्त. बाविशीतल्या मुलाला चावडी, शाळा, माळ जेवढा खुला होता, तेवढं जात्याशेजारचं अंग खुलं नव्हतं, आणि जे दाराच्या फटीतून दिसलं ते त्यानं इमानानं लिहिलं. दाराआडचं आपण गोळा करायचं आहे. म्हणून सुट्टीत गावी गेले की मी या म्हाताऱ्या बायकांकडं पुस्तक घेऊन जाते. ‘धर्मा रामोशी’ वाचते आणि थांबते. पुढचं त्या सांगतात.

धनगर वस्तीवरच्या एका आजींनी गेल्या वेळी सांगितलं, की कंट्रोलच्या काळात त्यांच्याकडं कापड नव्हतं, पण मेंढरं होती. लोकर कातरून घोंगडी व्हायची. गावातल्या बायका जोंधळा घेऊन यायच्या आणि घोंगडं मागायच्या, पांघरायला नव्हे, नेसायला. काळं, जाड, अंगाला टोचणारं. आजींच्या सासूबाईंनी एका रामोशाच्या सुनेकडनं जोंधळा घेतला नव्हता, तसंच दिलं होतं. तिचं नाव आजींना आठवत होतं. मी ते वहीत लिहून घेतलं. लिहून होईस्तोवर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “आता दुसरं वाच. शाळेतल्या पोराचं हाय न्हवं का येक?” मी ‘झेल्या’ काढला.