दिनविशेष : २६ जानेवारी
तारीख कुणी ठरवायची?

मोताळा : १९३० साली २६ जानेवारीला रविवार होता. लाहोर काँग्रेसच्या ठरावानुसार त्या दिवशी देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली आणि पुढची सतरा वर्षे हाच आपला स्वातंत्र्यदिन होता. १५ ऑगस्ट ही माउंटबॅटन यांची निवड. जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वाढदिवस, म्हणून त्यांनी ती पक्की केली. स्वातंत्र्य आपले, मुहूर्त मात्र व्हाइसरॉयचा! जानेवारीची तारीख वाया जाऊ नये म्हणून २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेली राज्यघटना दोन महिने थांबवून १९५० च्या २६ जानेवारीला पूर्णपणे अमलात आणली. हा निर्णय फार मोलाचा होता.

आपल्या वऱ्हाडात तर १९३० साली मालकी कागदोपत्री निजामाची आणि कारभार इंग्रजांचा. दोन्ही धनी झुगारायचे होते. १९५० ला मोताळा मध्य प्रदेशात होते, महाराष्ट्र अजून दहा वर्षे दूर होता. आज सकाळी प्रभातफेरीत घोषणा देणाऱ्या पोरांना हे आवर्जून सांगायला हवे.

ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय दिनही आजच. १७८८ मध्ये याच दिवशी आर्थर फिलिप यांनी सिडनीच्या खाडीत ब्रिटिश झेंडा रोवला. तिथल्या आदिवासींनी १९३८ सालीच हा शोकदिन पाळला. तारीख बदला, ही त्यांची मागणी रास्तच आहे. ज्यांची जमीन गेली, त्यांना त्याच दिवशी आनंद साजरा करायला सांगणे अन्यायाचे आहे.