रामकृष्ण, दोराईस्वामी
भारतीय-अमेरिकन रासायनिक अभियंते. उपयोजित गणिताच्या आधारे जीवाणूंची वाढ व त्यांच्या पेशींतील विक्रियांची प्रतिमाने मांडण्यासाठी प्रसिद्ध. माटुंग्याच्या ‘यूडीसीटी’तून (आताची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, मुंबई) त्यांनी १९६० मध्ये पदवी घेतली व १९६५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केली. कानपूरच्या आयआयटीत अध्यापन केल्यानंतर ते अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाले.

सुरुवातीचे संशोधन : एका पात्रातील सर्व पेशी सारख्या नसतात, काही नुकत्याच विभागलेल्या, तर काही विभागणीच्या बेतात असतात. केवळ सरासरी न काढता वय, वस्तुमान अशा गुणांनुसार पेशींची वाटणी काळानुरूप कशी बदलते, हे सांगणारी समीकरणे त्यांनी फ्रेडरिक्सन व त्सुचिया यांच्यासह १९६७ मध्ये मांडली. या पद्धतीवरील त्यांचा ‘पॉप्युलेशन बॅलन्सेस’ हा ग्रंथ २००० मध्ये आला.

सायबरनेटिक प्रतिमान : ग्लुकोज व झायलोज या दोन्ही शर्करा मिळाल्या, तर जीवाणू सहसा आधी ग्लुकोज संपवतो, थोडा थबकतो आणि मग झायलोजकडे वळतो. ही दोन टप्प्यांतील वाढ झाक मोनो यांनी १९४० च्या दशकात अभ्यासली होती. तिच्यामागची प्रत्येक जनुकीय कळ समीकरणात आणणे अवघड होते. कोंपला, रामकृष्ण व त्साव यांनी १९८४ मध्ये ‘सायबरनेटिक’ प्रतिमानाची वेगळी वाट धरली : पेशी आपली मर्यादित साधने जिथे लाभ जास्त तिथे लावते, असे गृहीत धरले. समजा, दोन शर्करांवरील वाढीचे वेग ३ : १ आहेत. मग त्या शर्करा वापरण्यासाठी लागणाऱ्या एंझाइमांच्या निर्मितीची साधने ३/४ व १/४ अशी वाटली जातात. तयार एंझाइमची क्रियाशीलता मात्र पहिल्यासाठी पूर्ण व दुसऱ्यासाठी १/३ राहते. एकेका शर्करेवरील प्रयोगांतून काढलेल्या स्थिरांकांवरून मिश्रणातील वाढीचे भाकीत करता येते, हे १९८६ च्या प्रयोगांत दिसले.

पेशीचे ‘उद्दिष्ट’ संशोधकाने ठरवलेले असते, ही या पद्धतीची मर्यादा होय. काही परिस्थितींत पेशी दोन्ही पोषकद्रव्ये एकदमच वापरते. त्यासाठी १९९६ मध्ये प्रतिमान विस्तारण्यात आले. ह्युन-सोब साँग यांच्यासह लिहिलेला रामकृष्ण यांचा या विषयावरील ग्रंथ २०१८ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने प्रकाशित केला.