सामुदायिक मत्स्यव्यवस्थापन : पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव

एखाद्या जलाशयातील मासळी कोणी, केव्हा व कोणत्या साधनांनी धरावी, याचे नियम तिच्यावर ज्यांचा चरितार्थ चालतो त्यांनीच एकत्र बसून ठरवावेत, ते स्वतः पाळावेत आणि मोडणाऱ्यास जाब विचारावा, अशा व्यवस्थेस सामुदायिक मत्स्यव्यवस्थापन म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील मालगुजारी तलाव हे तिचे महाराष्ट्रातील एक उद्बोधक क्षेत्र होय.

इतिहास : गोंड राजांच्या अमलात कोहळी समाजातील कुशल लोकांनी धानाच्या सिंचनासाठी या प्रदेशात हजारो तलाव व बोड्या (लहान तळी) बांधल्या. ब्रिटिश अमदानीतील बंदोबस्तात त्यांची मालकी मालगुजारांकडे (गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे) गेली. तथापि पाण्यावरील रयतेचे वहिवाटीचे हक्क निस्तार या नावाने चालत राहिले आणि वाजिब-उल-अर्ज या दप्तरात गावच्या चालीरीतींची नोंद होऊ लागली. मासेमारी व शिंगाड्याची लागवड परंपरेने ढिवर समाज करी. विदर्भ तेव्हा ज्यात होता त्या मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली व १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. पुढे तलावाची देखभाल शासकीय खात्यांकडे वा जिल्हा परिषदेकडे, पाणी धानाच्या शेतकऱ्यांकडे आणि मासळी मुदतीच्या ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेकडे, अशी एकाच जलाशयाच्या अधिकारांची वाटणी रूढ झाली.

कार्यपद्धती : संस्थेचे सभासद ठेक्याची रक्कम भरतात, पावसाळ्यात बीज सोडतात, राखण करतात आणि धरलेल्या मासळीचे उत्पन्न आपसांत वाटून घेतात. रोहू, कतला व मृगळ हे मासे नदीच्या पुरात अंडी घालतात, तलावाच्या साचलेल्या पाण्यात सहसा घालीत नाहीत. म्हणून त्यांचे बीज दरवर्षी बाहेरून आणावे लागते. १९५७ मध्ये ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी प्रेरित प्रजननाचा (संप्रेरक टोचून माशांना अंडी घालायला लावण्याचा) प्रयोग यशस्वी केल्यावर असे बीज केंद्रांत तयार होऊ लागले. याउलट मरळ, शिंगी, मागूर आदी स्थानिक जाती तलावातच वितात व वाढतात. त्यांना बीज नको, आसरा हवा. मरळीची पिल्ले पृष्ठभागाजवळ थव्याने फिरतात व त्यांचे जनक खालून त्यांची राखण करतात. अशा वेळी राखणाऱ्या मरळीस गळाला लावले, तर एका माशाच्या लोभाने सबंध थवा भक्षकांच्या तोंडी जातो. विणीच्या काळात जाळे आवरण्याचा नियम या ज्ञानावर उभा आहे आणि तो पाळला जातो की नाही हे तलावाच्या पाळीवर वावरणारा ढिवरच पाहू शकतो, कचेरीतील अंमलदार नव्हे.

पुनरुज्जीवन : उथळ भागात बेशरम या वनस्पतीचा फैलाव झाल्याने व देशी पाणवनस्पती हटल्याने स्थानिक मासळी घटली. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे बेशरम उपटून पाणवनस्पतींची लागवड करण्याचे काम हाती घेतले असून त्यात ढिवर स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

कायदेशीर आधार : १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद आहे, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने वनक्षेत्रातील जलाशयांतील मासळीवर सामूहिक हक्क मान्य केला आहे.

मूल्यमापन : धान वाचविण्यासाठी शेतकऱ्याला तलाव उपसावा लागतो आणि मासळी जगविण्यासाठी ढिवराला उन्हाळ्यापर्यंत पाणी राखावे लागते, हा पेच गावाने बसून सोडविल्यासच सुटतो. संस्था नावापुरती राहून सूत्रे व्यापाऱ्याच्या हाती गेली, तर नियम कागदावरच उरतात. आज सोडलेला मासा उद्या आपल्याच जाळ्यात येईल, ही खात्री नसेल तर संयमाची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरते. म्हणून दीर्घ मुदतीचा व निर्वेध हक्क ही या व्यवस्थेची पहिली अट होय.