तुम्हाला हे समजणे अपेक्षित नाही (टिप्पणी)

'तुम्हाला हे समजणे अपेक्षित नाही' या अर्थाची इंग्लिश टिप्पणी युनिक्स या संचालन प्रणालीच्या सहाव्या आवृत्तीतील (१९७५) कर्नलच्या सोर्स कोडमध्ये आढळते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची व केन थॉम्प्सन यांनी ही प्रणाली पीडीपी-११ संगणकासाठी विकसित केली होती.

कार्यपद्धती

ही टिप्पणी एका प्रक्रियेकडून दुसऱ्या प्रक्रियेकडे प्रोसेसरचा ताबा सोपवणाऱ्या फंक्शनमध्ये आहे. सामान्यतः फंक्शन ज्याने बोलावले त्याच्याकडेच परतते. येथे मात्र निवडलेली प्रक्रिया पूर्वी मुख्य स्मृतीतून डिस्कवर हलवली गेली असल्यास, तिने आधी जतन केलेली स्टॅकची स्थिती पुन्हा लागू केली जाते. परिणामी पुढची 'रिटर्न' आज्ञा, ती स्थिती जतन करणाऱ्या वेगळ्याच फंक्शनमधून परतते. नवी प्रक्रिया निर्माण करताना स्मृती अपुरी पडल्यास हीच युक्ती वापरली जाई.

रिची यांचे स्पष्टीकरण

अनेकांना ही टिप्पणी उद्धटपणाची वाटली. रिची यांनी नंतर स्पष्ट केले की, 'हा भाग परीक्षेत विचारला जाणार नाही' अशा भावनेने ती लिहिली होती. खरी अडचण म्हणजे, काय घडत आहे हे लेखकांनाही पूर्णपणे उमगलेले नव्हते. पीडीपी-११ वरील कंपायलर प्रत्येक फंक्शनमध्ये रजिस्टर एकाच पद्धतीने जतन करीत असल्याने ही युक्ती चालून गेली. इंटरडेटा संगणकाच्या कंपायलरमध्ये परतण्याचा कोड जतन केलेल्या रजिस्टरांनुसार बदलत असे. त्यामुळे मूळ रचनेतील दोष उघड झाला. सातव्या आवृत्तीसाठी (१९७९) ही यंत्रणा नव्याने लिहिण्यात आली व टिप्पणीही वगळली गेली.

प्रसार

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन लायन्स यांनी विद्यार्थ्यांसाठी या कर्नलचा सोर्स कोड आणि त्यावरील भाष्य सिद्ध केले. त्यातील क्रमांकित ओळींमध्ये ही टिप्पणी २२३८ व्या ओळीवर येते. सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात सोर्स कोड शिकवण्यास मनाई केल्यानंतरही भाष्याच्या छायाप्रती हातोहात फिरत राहिल्या. १९९६ मध्ये ते ग्रंथरूपाने अधिकृतपणे प्रकाशित झाले.

महत्त्व

एखादा कोड चालतो म्हणजे तो बरोबर आहे असे नव्हे. तो विशिष्ट यंत्राच्या किंवा कंपायलरच्या न लिहिलेल्या गृहीतकावर उभा असू शकतो. जुन्या कोडचा अभ्यास करताना अशी गृहीतके शोधणे का आवश्यक आहे, हे या उदाहरणावरून दिसते.